वाचण्यासाठीं न लिहिलेलीं नाटकें

कांहीं ग्रंथांच्या वांट्याला एक विचित्र भाग्य येतें. त्यांची कीर्ति जसजशी वाढत जाते, तसतसा त्यांचा वाचकवर्ग ओसरत जातो. आणि शेवटीं त्यांच्याविषयीं सर्वांच्या मनांत आदर असतो, पण त्यांच्या सहवासाची ओढ कोणालाच नसते. इंग्लंडांत राणी एलिझाबेथ, पहिला जेम्स व पहिला चार्ल्स यांच्या अमदानींत, म्हणजे स्थूलमानानें १५७६ पासून १६४२ पर्यंतच्या सहासष्ट वर्षांत, जें नाट्यवाङ्मय निर्माण झालें, त्याची आपल्याकडील सुशिक्षित घरांतून हीच स्थिति झाली आहे. शेक्सपिअरचा समग्र ग्रंथ कपाटांत असतो. त्यावरची धूळ श्रद्धेनें पुसलीहि जाते. पण यांतलें एखादें नाटक गेल्या वर्षांत केवळ हौसेनें वाचलें काय, असा प्रश्न केला तर बहुतेकांना गप्प बसावें लागेल. मार्लो, बेन जॉन्सन, वेब्स्टर यांचें तर नांवहि परीक्षेच्या मंडपाबाहेर क्वचितच ऐकूं येतें.

याचें कारण विचारलें असतां बहुधा एकच उत्तर मिळतें: भाषा जुनी व अवघड आहे. हें उत्तर खोटें नाहीं. पण तें पुरें पडत नाहीं. शके १२१२ मध्यें, म्हणजे इ. स. १२९० त, सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीची भाषा शेक्सपिअरच्या भाषेहून तीनशें वर्षांनीं जुनी आहे. तिच्यांतले शेंकडों शब्द आज व्यवहारांत नाहींत. तरीहि प्रत्येक ओवीचा अन्वय लावतां न येणारा मनुष्य ती ऐकतांना डोलतो, कारण ती त्याच्याकडे प्रथम कानांच्या वाटेनें आलेली असते. कोणी तरी ती गोड आवाजांत म्हटली, कोणी तरी ती निरूपणांत उलगडली, आणि अर्थ मागाहून हळूहळू येत राहिला. इंग्रजी नाटकांच्या बाबतींत हा क्रम नेमका उलटा झाला. आधीं शब्दार्थ, मग संदर्भ, मग स्वभावचित्रणावर चार प्रश्न, आणि एवढें सगळें आटोपल्यावर वेळ उरलाच तर रसास्वाद, असा आपल्या वर्गांतला शिरस्ता आहे. तीस वर्षांच्या अध्यापनानंतर माझें असें मत बनलें आहे कीं, या नाटकांपुरतें तरी बोलायचें तर आनंद आधीं आणि अर्थ त्याच्या मागोमाग, हाच क्रम खरा. आणि तो साधावयाचा तर एक साधी गोष्ट सतत ध्यानांत बाळगिली पाहिजे. ती ही कीं, हीं नाटकें वाचण्यासाठीं लिहिलेलीं नाहींत.

हें विधान अलंकारिक नाहीं. तें जवळजवळ शब्दशः खरें आहे. नाटककार आपलें नाटक मंडळीला विकीत असे. त्यानंतर त्याची मालकी मंडळीची, आणि तें छापलें जावें अशी उत्कंठा मंडळीला सहसा नसे. शेक्सपिअर १६१६ सालीं वारला, तेव्हां त्याचीं सुमारें अर्धीं नाटकें छापलींच गेलीं नव्हतीं. त्यानंतर सात वर्षांनीं, १६२३ मध्यें, जॉन हेमिंग्ज व हेन्री काँडेल या त्याच्या दोघां सहकारी नटांनीं छत्तीस नाटकांचा मोठा संग्रह प्रसिद्ध केला. तो निघाला नसता तर 'मॅक्बेथ', 'ज्यूलिअस सीझर', 'ट्वेल्फ्थ नाइट' आणि 'टेम्पेस्ट' हीं नाटकें कदाचित् कायमचीं लुप्त झालीं असतीं. बेन जॉन्सननें १६१६ मध्यें आपल्या नाटकांना 'कृति' असें भारदस्त नांव देऊन त्यांचा संग्रह छापला, तर खेळाला ग्रंथ म्हणवितो म्हणून लोकांनीं त्याची थट्टा केली. फार काय, नटाच्या हातींसुद्धां संपूर्ण नाटक पडत नसे. त्याला मिळे ती फक्त त्याच्या भाषणांची गुंडाळी, जिला आपल्या नाटकमंडळ्यांतून 'नक्कल' म्हणत. तींत त्याचीं स्वतःचीं भाषणें, आणि प्रत्येक भाषणापूर्वीं समोरच्या पात्राचे शेवटचे दोन-तीन शब्द, एवढेंच असे. एडवर्ड ॲलिन या त्या काळच्या थोर नटाची अशी एक नक्कल लंडनच्या डलिच कॉलेजांत अद्याप जपून ठेवलेली आहे. आपलें पात्र कोठें चिडलें, कोठें चांचरलें, कोठें खोटें बोललें, हें नटाला त्या गुंडाळींतील शब्दांच्या चालीवरूनच ओळखावें लागे. म्हणून या भाषणांत अभिनयाच्या सूचना शब्दांच्या आंतच विणलेल्या आहेत. त्या ओळखण्याची संवय करणें, म्हणजेच हीं नाटकें वाचावयास शिकणें.

मग हीं नाटकें केवळ ग्रंथ होऊन बसलीं कशीं? १६४२ मध्यें पार्लमेंटनें नाटकगृहें बंद केलीं. १६६० नंतर तीं पुन्हां उघडलीं तेव्हां रंगभूमीचें रूपच पालटलें होतें. रंगविलेले देखावे आले, स्त्रिया नटूं लागल्या, आणि जुन्या नाटकांना नव्या अभिरुचीच्या कात्रींतून जावें लागलें. १६८१ मध्यें नाहम टेट या कवीनें 'किंग लिअर'चा शेवटच बदलला. त्याच्या नाटकांत कॉर्डेलिया मरत नाहीं. तिचें एडगरशीं लग्न लागतें आणि लिअरला राज्य परत मिळतें. विदूषक तर त्यानें साफ गाळून टाकला. विदूषकासह मूळचें नाटक १८३८ मध्यें मॅक्रेडी या नटानें पुन्हां उभें केलें, तोंपर्यंत सुमारें दीडशें वर्षें इंग्रज प्रेक्षक हा गोड शेवटच पाहात होते.

याच काळांत चार्ल्स लॅम्ब हा थोर रसिक होऊन गेला. त्यानें आपल्या बहिणीसह १८०७ मध्यें शेक्सपिअरच्या नाटकांच्या गोष्टी लिहिल्या. त्या वाचूनच आपल्याकडील कित्येक पिढ्यांना लिअर व पोर्शिया यांची पहिली ओळख झाली. पुढच्याच वर्षीं त्यानें विसरल्या गेलेल्या इतर नाटककारांचे निवडक उतारे प्रसिद्ध केले, आणि १८११ मध्यें शेक्सपिअरच्या शोकांत नाटकांवर एक निबंध लिहिला. त्याचें म्हणणें असें कीं, हीं नाटकें रंगभूमीवर करण्याजोगीं नाहींतच. नाटकगृहांत आपल्याला दिसतो तो मुलींनीं पावसांत घराबाहेर काढलेला, काठी टेकत चालणारा एक म्हातारा. वाचतांना मात्र आपण लिअरला पाहात नाहीं, आपण स्वतःच लिअर होतों. हा निबंध इतका सुंदर आहे कीं, त्याच्याशीं मतभेद दाखवितांना संकोच वाटतो. पण लॅम्बनें आपला सिद्धान्त कोणत्या रंगभूमीवरून काढला हें पाहिलें पाहिजे. त्याच्या काळीं रंगभूमीवर नांदत होतें तें टेटचें 'लिअर', आणि भोंवतीं होते रंगविलेले पडदे व वादळाचा आवाज काढणारीं यंत्रें. टेटवर त्यानें कठोर टीका केली आहे. परंतु ज्या रंगभूमीसाठीं नाटक लिहिलें गेलें ती रंगभूमि त्यानें पाहिली नव्हती, कल्पनेनेंहि फारशी उभी केली नव्हती. त्यामुळें कवितेचा गौरव करतां करतां त्यानें नाटकाला अभ्यासिकेंत नेऊन बसविलें, आणि आमचीं विद्यापीठें आजवर त्याच अभ्यासिकेचें भाडें भरीत आलीं आहेत.

ती मूळची रंगभूमि होती तरी कशी? १५७६ मध्यें जेम्स बर्बेजनें लंडनच्या वेशीबाहेर 'द थिएटर' नांवाचें नाटकगृह बांधलें. पुढें जागेचा तंटा उद्भवला, तेव्हां १५९८ च्या अखेरीस मंडळीनें त्याचें लांकूडसामान उतरविलें, आणि १५९९ मध्यें थेम्स नदीच्या दक्षिण तीरावर त्याच लांकडांतून 'ग्लोब' उभें राहिलें. १६१३ मध्यें 'आठवा हेन्री' या नाटकाच्या प्रयोगांत तोफ उडविली असतां ठिणगी पडून तें जळून गेलें. १६०० सालीं बांधलेल्या 'फॉर्च्यून' नाटकगृहाचा करारनामा उपलब्ध आहे. त्यांत रंगमंचाची रुंदी ४३ फूट दिलेली आहे. हा रंगमंच प्रेक्षकांच्या मधोमध शिरलेला असे. तिन्ही बाजूंनीं लोक, वर उघडें आकाश, आणि एक पेनी देऊन मोकळ्या पटांगणांत उभे राहिलेले कारागीर व उमेदवार. 'स्वान' नाटकगृह पाहून गेलेल्या योहानेस डी विट या डच प्रवाशानें तेथें ३००० माणसें मावतात असें लिहून ठेविलें आहे. खेळ दुपारीं होत. पडदा नाहीं, रंगविलेला देखावा नाहीं, दिवा विझविण्याची सोय नाहीं. १९८९ मध्यें 'रोझ' नाटकगृहाचा पाया जमिनींतून उघडा झाला आणि १९९७ मध्यें जुन्या जागेजवळच नवें 'ग्लोब' सुरू झालें. तेव्हांपासून या कोरड्या माहितीला प्रत्यक्ष प्रयोगांचा आधार मिळाला आहे.

आतां ही चौकट डोळ्यांपुढें ठेवून 'हॅम्लेट'चा आरंभ वाचावा. दुपारची वेळ आहे, ऊन पडलें आहे, पटांगणांत लोक बोलत उभे आहेत. दोन शिपाई येतात. त्यांपैकीं एक पहाऱ्यावर उभा आहे, दुसरा त्याची जागा घ्यावयास येत आहे. आणि हटकतो कोण? जो उभा आहे तो नव्हे. जो येत आहे तो! पहाऱ्याचा सर्वसाधारण नियमच येथें उलटला आहे. उभा असलेला शिपाई ताबडतोब त्याला तसें सुनावतोहि. नंतर मध्यरात्र झाल्याचा उल्लेख, थंडीचा उल्लेख, पहारा सुटल्याबद्दल आभार, आणि कारण न सांगतां आलेली एक उदासीनता. एवढ्या आठ-दहा लहान लहान वाक्यांत उन्हाची रात्र झाली, आणि या राज्यांत कांहीं तरी बिनसलें आहे हें तीन हजार लोकांना कळून चुकलें. टीपांचें पुस्तक येथें आपल्याला त्या दोन शिपायांचीं नांवें सांगतें. अंगावर कांटा यावयाचा तर मात्र आपण त्या अंधारांत, कोण कोणाला दिसत नाहीं हें ओळखून, उभें राहिलें पाहिजे.

रंगभूमीवर जें शब्द सांगतील तेंच खरें, हा त्या काळच्या नाट्याचा कायदा. आपल्याला तो परका वाटण्याचें कारण नाहीं. 'शाकुंतला'च्या पहिल्या अंकांत दुष्यंताचा रथ हरिणामागें धांवतो तो सारथ्याच्या व राजाच्या शब्दांतूनच धांवतो. रथ काय किंवा हरीण काय, रंगमंचावर आणावें लागत नाहीं. परंतु शेक्सपिअरनें या कायद्याचा एके ठिकाणीं असा उपयोग केला आहे कीं, त्याला जोड मिळणें कठीण. 'लिअर'च्या चौथ्या अंकांत डोळे काढलेला वृद्ध ग्लॉस्टर जीव देण्यासाठीं डोव्हरच्या कड्याकडे निघाला आहे. त्याचा हात धरून चालतो आहे भिकाऱ्याच्या वेषांतला त्याचाच मुलगा एडगर. एडगर म्हणतो, चढ लागला आहे. म्हातारा म्हणतो, मला तर जमीन सपाट वाटते. मग एडगर कड्यावरून खालीं दिसणाऱ्या दृश्याचें असें वर्णन करतो कीं, ऐकणाऱ्याला घेरी यावी.

येथें प्रेक्षकाची काय अवस्था झाली असेल? त्याच्या डोळ्यांपुढें सपाट फळ्या आहेत. पण त्या नेहमींच सपाट असतात. आजवर एखाद्या पात्रानें 'हें अरण्य' म्हटलें कीं अरण्य झालें, 'ही रात्र' म्हटलें कीं रात्र झाली. मग आतां कडा आहे कीं नाहीं? क्षणभर प्रेक्षकहि त्या आंधळ्याइतकाच आंधळा होतो. पुढें एडगर हळूच सांगतो कीं, याची निराशा बरी करण्यासाठींच आपण हा खेळ मांडला आहे. म्हातारा गुडघे टेकतो, देवांचा निरोप घेतो, पुढें झोकून देतो, आणि सपाट जमिनीवर तोंडघशीं पडतो. एडगर आवाज बदलून त्याला पटवितो कीं, तूं एवढ्या उंचीवरून पडलास आणि देवकृपेनें वांचलास. शब्दांनीं उभी केलेली खोटी सृष्टि एका माणसाला पुन्हां जगावयास लावते. नाटक म्हणजे काय, तें माणसाला काय देऊं शकतें व त्यांत फसवणूक किती असते, या तिन्ही प्रश्नांचें उत्तर या एका प्रवेशांत आहे. आणि हा प्रवेश पूर्णपणें भोगावयाचा तर त्या सपाट फळ्या डोळ्यांपुढें असाव्याच लागतात. लॅम्बला माझें उत्तर एवढेंच आहे. रंगविलेला कडा उभा करणारी रंगभूमि या प्रवेशाला मारते हें खरें. पण रंगभूमीच विसरून नुसतें वर्णन वाचणारा वाचकहि त्याला तितकाच मारतो.

भाषेच्या अडचणीचीहि हीच कथा. तिच्यांतल्या कांहीं गोष्टी तर आजच्या इंग्रजापेक्षां मराठी वाचकाला अधिक सोप्या जाव्यात. त्या काळच्या इंग्रजींत एकवचनी 'तूं' व आदरार्थी 'आपण' असा भेद जिवंत होता. आजच्या इंग्रजींतून तो नाहींसा झाला आहे. आपल्या घरांत मात्र तो रोज घडीघडीला पाळला जातो, आणि मोडला तर लागलीच कानाला खटकतो. 'लिअर'च्या पहिल्याच प्रवेशांत कॉर्डेलियाला हांकलून देणाऱ्या राजापुढें केंट हा सरदार उभा राहतो. आरंभीं तो राजाशीं राजाला साजेशा अदबीनें बोलतो. राजा ऐकत नाहीं असें दिसतांच तो एकाएकीं एकेरीवर येतो, आणि भर दरबारांत राजाला म्हातारा म्हणून संबोधतो. आपल्याकडील एखाद्या जुन्या कारभाऱ्यानें महाराजांना भर सभेंत 'अरे म्हाताऱ्या' म्हटलें तर काय होईल याची कल्पना ज्याला करतां येते, त्याला केंटच्या हद्दपारीचें कारण टीपेंत शोधावें लागत नाहीं. 'हॅम्लेट'मध्यें उलटा प्रकार आहे. आई मुलाला प्रेमाच्या 'तूं'नें दटावूं लागते. मुलगा उद्धटपणें उत्तर देतो, आणि पुढच्याच वाक्यांत आईचा 'तूं' गळून तेथें थंड 'आपण' येतो. सर्वनामांकडे कान ठेवून एक प्रवेश वाचून पाहावा. नात्यांचा चढउतार आपोआप उलगडूं लागतो.

गद्य आणि पद्य यांचेंहि असेंच. या नाटकांतलें निर्यमक पद्य बहुधा दहा अक्षरांचें, पांच आघातांचें असतें. मार्लोनें 'टॅम्बर्लेन'मध्यें त्याला नौबतीचा घोष दिला, आणि शेक्सपिअरनें पुढें त्याला श्वासासारखें लवचिक केलें. मॅक्बेथ खून करून खालीं येतो तेव्हां त्याच्या व त्याच्या पत्नीच्या बोलण्यांत एकेका चरणाचे इवलेसे तुकडे होतात. दोघांना मिळून एक ओळहि धडपणें पुरी करतां येत नाहीं. 'ज्यूलिअस सीझर'मध्यें ब्रूटस लोकांपुढें आपली बाजू नीटनेटक्या, तोललेल्या गद्यांत मांडतो, आणि अँटनी पद्यांत बोलूं लागतो. सभा कोण जिंकणार हें अर्थ कळण्यापूर्वींच कानांना कळतें. हें सारें मोठ्यानें वाचल्याशिवाय ध्यानांत येत नाहीं. मनांत वाचणारा मनुष्य या नाटकांचा अर्धा भाग पानांतच ठेवून उठतो.

उरलेल्या अर्ध्यांतलाहि बराच भाग शब्दांच्या बाहेर असतो. 'मेझर फॉर मेझर'च्या शेवटीं व्हिएन्नाचा ड्यूक इझाबेलाला मागणी घालतो. ही इझाबेला मठांत प्रवेश करावयास निघालेली. भावाचा प्राण आणि आपलें शील यांच्या कात्रींत सांपडून होरपळून निघालेली. ती काय उत्तर देते? कांहींच नाहीं. तिच्यासाठीं एक शब्दहि लिहिलेला नाहीं. छापील पुस्तकांत ही शांतता दिसत नाहीं, कारण पुढचें भाषण तिच्यावर येऊन बसतें. रंगभूमीवर मात्र ती मुलगी सर्वांसमक्ष उभी असते, आणि तिनें हात पुढें केला, पाठ फिरविली कीं नुसतें पाहात राहिली, यावर सबंध नाटकाचा अर्थ फिरतो. म्हणून प्रत्येक प्रवेश वाचतांना, कोण बोलत आहे यापेक्षां कोण उभें असून बोलत नाहीं, हा प्रश्न अगोदर विचारावा. विद्यार्थ्यांना मी हा एकच प्रश्न दिला, तरी त्यांच्यांतील मंद समजले जाणारेहि एकाएकीं बोलूं लागल्याचें पाहिलें आहे.

या रंगभूमीवर स्त्रियांचीं कामें मुलगे करीत, ही गोष्ट ऐकून परदेशांतले आजचे विद्यार्थी चकित होतात. ज्या समाजानें भाऊराव कोल्हटकरांची शकुंतला डोक्यावर घेतली, आणि बालगंधर्वांच्या पदराची ठेवण घराघरांतून अनुकरिली, त्याला या गोष्टीचें आश्चर्य वाटूं नये. नायिकेचें सौंदर्य चेहऱ्यांत असण्यापेक्षां तिच्या बोलण्यांत व भोंवतालच्यांनीं दिलेल्या मानांत असतें, हें त्या समाजाला अनुभवानें ठाऊक होतें. 'ॲज यू लाइक इट'मध्यें मुलगा रोझलिंड होतो, रोझलिंड मुलाचा वेष घेते, आणि तो वेषधारी मुलगा पुन्हां रोझलिंडचें सोंग करतो. ही चौपदरी गंमत अशा प्रेक्षकाला समजावून सांगावी लागत नाहीं. तीच गोष्ट स्वगतांची. दुपारच्या उजेडांत नटाला प्रेक्षकांचे चेहरे दिसत. त्यामुळें त्याचें स्वगत हें पुटपुटणें नसून समोरच्या माणसांशीं केलेली मसलत असे. इआगो आपला कट आपल्याला आधींच सांगतो, आणि आपण आरडाओरड न करतां ऐकतों. ऑथेल्लोच्या नाशांत आपण नकळत सामील झालों, ही जाणीव म्हणजेच त्या नाटकाचा खरा डंख.

आणि शेक्सपिअर म्हणजे हा सबंध काळ नव्हे. वेब्स्टरचें 'डचेस ऑफ माल्फी' १६१३-१४ च्या सुमारास रंगभूमीवर आलें. त्यांत एक तरुण विधवा आपल्या कारभाऱ्याशीं गुप्तपणें विवाह करते, आणि तिचे भाऊ, एक ड्यूक व एक कार्डिनल, तिचा सूड घेतात. चौथ्या अंकांत भाऊ काळोखांत तिच्या हातीं आपल्या हाताऐवजीं मेलेल्या माणसाचा हात देतो, आणि मग दिवे आणविले जातात. हें नाटक मेणबत्त्यांच्या उजेडांत चालणाऱ्या ब्लॅकफ्रायर्सच्या बंदिस्त नाटकगृहांत झालें, ही गोष्ट माहीत असली म्हणजे त्या काळोखाची किंमत कळते. बेन जॉन्सनचें 'अल्केमिस्ट' १६१० चें. प्लेगच्या भीतीनें मालक शहर सोडून गेला आहे. मागें राहिलेला नोकर दोन ठकांना हाताशीं धरून त्याच घरांत किमयेचें दुकान मांडतो. कारकून, तंबाखूवाला, सरदार, धर्मनिष्ठ प्यूरिटन, एकामागून एक गिऱ्हाइकें येतात. प्रत्येकाला निराळ्या खोलींत कोंडावें लागतें, आणि दार वाजतच राहतें. वाचतांना हें नाटक रखरखीत वाटतें. पण दार कोणतें, आंत कोण, बाहेर कोण, एवढा हिशेब मनांत ठेविला कीं, हंसतां हंसतां पुरेवाट होते. झटपट श्रीमंतीच्या मोहानें फसणाऱ्यांचें इतकें निर्दय चित्र आजहि शिळें झालेलें नाहीं.

मराठी भाषेला हा रस पूर्वीं चांगला ठाऊक होता, हें विसरतां कामा नये. महादेवशास्त्री कोल्हटकरांचें 'ऑथेल्लो' १८६७ त निघालें, आगरकरांचें 'विकारविलसित' १८८३ त, देवलांचें 'झुंझारराव' १८९० त. आगरकरांचा हॅम्लेट लोकांच्या मनांत ठसला तो शाहूनगरवासी मंडळींतील गणपतराव जोशी यांच्या अभिनयानें. इंग्रजीचा गंध नसलेले प्रेक्षकहि त्याच्यासाठीं तळमळले. त्यांच्यापाशीं टीपांचें पुस्तक नव्हतें, नट मात्र होता. पुढें शिरवाडकरांचा 'राजमुकुट' १९५४ त व विंदा करंदीकरांचा 'राजा लिअर' १९७४ त आला. आणि १९७० च्या 'नटसम्राट'मुळें लिअरच्या दुःखाची सांवली मराठी घरांत कायमची येऊन राहिली. हीं रूपांतरें व भाषांतरें मूळ नाटकांच्या दारांतलीं पायपुसणीं मानूं नयेत. त्यांतील कांहीं स्वतंत्र टीकाच आहेत. 'टेमिंग ऑफ द श्रू'ला वासुदेव बाळकृष्ण केळकरांनीं 'त्राटिका' असें नांव दिलें, तेव्हांच नायिकेविषयींचा निकाल लागून गेला. मूळ नाटकांत मात्र तिचें शेवटचें शरणागतीचें भाषण प्रामाणिक कीं उपरोधिक, हा वाद अद्याप मिटलेला नाहीं.

यावरूनच शेवटच्या मुद्द्याकडे येतों. या नाटकांचा आस्वाद घ्यावयास शिकणें म्हणजे त्यांच्यापुढें हात जोडावयास शिकणें नव्हे. 'मर्चंट ऑफ व्हेनिस'च्या न्यायसभेंत शायलॉकला बळेंच धर्मांतर करावयास लावतात, आणि सभेंतले सज्जन तें औदार्य समजतात. हा प्रवेश वाचून ज्याला शरम वाटत नाहीं, त्यानें तो नीट वाचला नाहीं असेंच मी म्हणेन. त्या काळच्या कित्येक नाटकांचें कथानक ढिलें आहे, कित्येकांतल्या कोट्या मेलेल्या आहेत, कित्येकांत रक्तपात निष्कारण आहे. हें मोकळेपणानें म्हणतां आलें पाहिजे. ज्याला नावडण्याचा हक्क नाहीं, त्याच्या आवडीला किंमत नाहीं. आणि आपल्या शिक्षणानें विद्यार्थ्यांकडून नेमका हाच हक्क काढून घेतला, ही माझी खरी तक्रार आहे. आदराच्या ओझ्याखालीं दबलेला मुलगा पदवी घेऊन बाहेर पडतो, आणि तीं पुस्तकें पुन्हां उघडीत नाहीं. तोटा शेक्सपिअरचा होत नाहीं. एका माणसाच्या आयुष्यांतली एक मोठी मैत्री कायमची हुकते.

म्हणून ज्यांच्या घरांत तो जाड ग्रंथ आहे त्यांना एवढेंच सुचवावेंसें वाटतें. आरंभ 'मॅक्बेथ'पासून करावा. शेक्सपिअरच्या शोकांत नाटकांत तें सर्वांत लहान आहे. घरांतल्या चार-पांच माणसांनीं पात्रें वांटून घ्यावीं, आणि एका बैठकींत एकच अंक मोठ्यानें वाचावा. उच्चार चुकले तर चुकूं द्यावेत. अडलेल्या शब्दापाशीं थांबूं नये. पहिल्या वाचनांत टीपा उघडूंच नयेत. कोण कोठें उभें आहे, हें मात्र प्रत्येक प्रवेशाच्या आरंभीं ठरवावें. जेवणाच्या टेबलावरच्या वाट्या मांडून ठरविलें तरी चालेल. दुसऱ्या वाचनाच्या वेळीं टीपा जवळ घ्याव्यात, आणि मग एखादें चांगलें मराठी भाषांतर शेजारीं ठेवावें. प्रयोग किंवा प्रयोगाचा चित्रपट पाहावयास मिळाला तर अवश्य पाहावा; पण एकच पाहून थांबूं नये, दोन पाहावेत, म्हणजे एकाच वाक्याचे दोन अर्थ कसे होतात हें प्रत्यक्ष दिसतें. मॅक्बेथच्या वाड्याचें दार दुसऱ्या अंकांत वाजूं लागतें. तेथें वाचणाऱ्यांपैकीं कोणीं तरी टेबलावर खरोखरच हातानें थाप मारावी. त्या आवाजानें बाकीचे सर्व एकदम दचकले, तर पुढचें शिकविण्यास प्राध्यापकाची गरज पडणार नाहीं.